चहा डिनाय करता येत नाही

१

आबांनी कपाटाची किल्ली फिरवली, दार ओढलं आणि तसेच उभे राहिले.

आत व्हायोलिन नव्हतं. ज्या तारेला ते टांगलेलं असायचं ती तार होती, खाली पसरलेलं मऊ फडकं होतं, कोपऱ्यात ओलावा शोषून घेणारी पुडी होती. दोन वर्षं एका माणसाच्या हाताखाली घडलेलं व्हायोलिन तेवढं गायब होतं.

“कुठं गेलं?” सगळ्यांत आधी बोलला तो साहेब. साहेब म्हणजे व्हायोलिनच्या कारखान्याची विक्री सांभाळणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट आणि फर्डं इंग्रजी यांमुळे त्याला हे नाव पडलं होतं आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं.

व्याकरणबाई नेमक्या त्याच वेळी जिना चढून वर आल्या. त्यांचं आणि इंग्रजी व्याकरणाचं नातं इतकं जुनं होतं की कारखान्यात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी ओळखतच नसे. इथली व्हायोलिनं देशोदेशी जायची. गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी आलंच पाहिजे असं मालक म्हणून आबांनी ठरवलं, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, जेवणाची सुट्टी संपली की बाई वरच्या खोलीतल्या लांब टेबलावर वर्ग घ्यायच्या. आजही त्या त्यासाठीच आल्या होत्या. दारातच त्यांना कळलं की आजचा दिवस नेहमीचा नाही.

नाहीसं झालेलं व्हायोलिन आबांच्या सुनेचं होतं. म्हणजे तिनं घडवलेलं. आबांच्या मुलाला लाकडाची ओढ नव्हती, तो दूरच्या शहरात नोकरी करत होता. सुनेला मात्र लग्न होऊन या घरात आली त्या महिन्यापासून पटाशी सोडवत नव्हती. ती फार बोलायची नाही, म्हणून सगळे तिला अबोली म्हणायचे. तिचं हे पहिलं अख्खं स्वतःचं व्हायोलिन उद्या सकाळी परदेशातल्या कारागिरांच्या स्पर्धेला निघणार होतं, आणि त्याच्यासोबत तीही.

प्रवासाचा विमा उतरवलेला होता. विम्याचा माणूस व्हायोलिन तपासून पेटीला सील ठोकायला आला होता. तो दुसऱ्या मुलखातला, त्याला इंग्रजीखेरीज काही कळत नव्हतं. त्यामुळे तो विचारत होता, साहेब ते अबोलीला सांगत होता, आणि तिचं उत्तर इंग्रजीत त्याला परत देत होता.

“आज किल्ली कोणाकडे होती, असं विचारतायत,” साहेब म्हणाला.

अबोली काहीतरी पुटपुटली.

साहेबानं विम्याच्या माणसाकडे वळून खालच्या आवाजात सांगितलं, “शी ॲडमिट्स दॅट शी टुक द की.”

विम्याच्या माणसानं मान हलवली, ते लिहून घेतलं आणि खाली एक जाड रेघ ओढली. मग त्यानं अबोलीकडे असं पाहिलं की बाईंच्या हातातली पिशवी आपोआप टेबलावर आली.

२

“एक मिनिट,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. मग अबोलीकडे वळून मराठीत, “तू आत्ता काय बोललीस? जसंच्या तसं सांग.”

“मी म्हटलं, सकाळी किल्ली मी घेतली होती. रोगण बघायला. बघितलं आणि परत आबांच्या खोलीतल्या खिळ्याला लावली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाईंनी खुर्ची ओढली आणि विम्याच्या माणसासमोर बसल्या. त्या शांतपणे बोलू लागल्या, पण वर्गात बसलेल्या कोणालाही तो शांतपणा ओळखीचा होता. चुकीच्या उत्तराला लाल रेघ मारण्याआधी त्यांचा आवाज असाच व्हायचा. त्या म्हणाल्या, की या मुलीनं फक्त सांगितलं आहे. कबूल काहीही केलेलं नाही. ‘ॲडमिट’ हे क्रियापद माणसाच्या तोंडी घातलं की त्यानं काहीतरी वाईट केलंय हे ऐकणारा आधीच धरून चालतो. ज्याचं बोलणं आपण दुसऱ्याला सांगतो, त्याची अब्रू त्या एका क्रियापदावर लटकलेली असते. इथं फक्त ‘सेड’ म्हणायचं. त्याहून जास्त काही नाही.

विम्याचा माणूस भला होता. त्यानं ती ओळ खोडली, नवी लिहिली आणि बाईंना दाखवली.

“सॉरी मॅडम,” साहेब म्हणाला. “घाईत शब्द गेला. तुम्हीच शिकवलेला आहे, म्हणून जिभेवर होता.”

बाईंना ते खरंच वाटलं. अशी रंगीत क्रियापदं त्यांनीच त्याच्या हवाली केली होती आणि त्यानं ती अंगठ्यांसारखी घालून मिरवली होती. आला तेव्हा त्याचं इंग्रजी नुसतंच धावायचं. बाईंनी त्याला थांबायला शिकवलं, शब्द निवडायला शिकवलं. आपल्या हाताखालून गेलेला सगळ्यांत तयार विद्यार्थी कोण, असं कोणी विचारलं तर त्यांचं बोट डोळे मिटून त्याच्याकडे गेलं असतं.

पण साहेबाचं बोलणं संपलं नव्हतं. तो कळवळ्यानं म्हणाला, “खरं सांगू का आबा? मला तिचा राग नाही. पोरगी किती दिवस घाबरलेली आहे. परदेशात पाच परीक्षकांसमोर इंग्रजीत बोलायचं म्हणजे काय खायचं काम आहे? जायला लागू नये म्हणून तिनंच कुठं ठेवलं असेल, तर आपण समजून घेऊ.”

तिची भीती सगळ्यांनी पाहिली होती. वर्गात उभं राहून एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी तिचे कान लाल व्हायचे. आबांनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. पण एक प्रश्न होता, आणि अबोलीला तोच जास्त लागला. तिनं मान खाली घातली.

विम्याच्या माणसानं सांगितलं, की संध्याकाळी जाण्याआधी व्हायोलिन हाती आलं नाही तर त्याला सील करता येणार नाही, आणि सीलाशिवाय ते उद्याच्या विमानात चढणार नाही. आबांचं एक जुनं व्हायोलिन राखीव म्हणून नोंदवलेलं होतं, तेवढं जाऊ शकेल.

आबा बाईंजवळ आले. “बाई, मला इंग्रजी येत नाही. पण मघाशी तुम्ही एका शब्दानं माझ्या सुनेला सोडवलंत, एवढं कळलं. आता पुढचंही तुम्हीच बघा.”

बाईंनी घटकाभर विचार केला. मग पिशवीतून खडू काढला.

“वर्ग रोजच्यासारखाच होईल,” त्या म्हणाल्या. “बसा सगळे.”

३

टेबलाभोवती चौघं बसली. रोगण लावणारे काका, कोठी सांभाळणाऱ्या मावशी, साहेब आणि अबोली. जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर एवढ्यांचीच ये-जा असायची, बाकीची माणसं तळमजल्यावरच असायची. विम्याचा माणूस मागच्या बाकावर बसला. आबा खिडकीशी उभे राहिले.

बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, सेड आणि टोल्ड, आणि दोन्हींवर फुली मारली.

“आजचा अभ्यास. आज अबोलीशी तुमचं शेवटचं बोलणं काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. हे दोन शब्द वापरायचे नाहीत. बोलणं ज्या तऱ्हेचं होतं, त्या तऱ्हेचं क्रियापद शोधायचं. काका, तुमच्यापासून.”

काका उठले. रोगणानं पिवळी झालेली बोटं त्यांनी पाठीमागे लपवली, जशी ते प्रत्येक वर्गात लपवायचे. त्यांच्या मुलानंही एक व्हायोलिन केलं होतं, आबांनी ते स्पर्धेला न पाठवता सुनेचं निवडलं होतं. त्यानंतर काका आबांशी कामापुरतंच बोलत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आय वॉर्न्ड हर,” ते सावकाश जुळवत म्हणाले, “की मानेजवळचं रोगण अजून ओलं आहे, हात लावू नकोस. शी प्रॉमिस्ड, की नाही लावणार. मग आय ऑफर्ड हर टी. शी डिनाइड.”

साहेब हसला. “रिफ्यूज्ड, काका. चहा डिनाय करता येत नाही. डिनाय करायला आधी कोणीतरी आळ घ्यावा लागतो. तुम्ही तिच्यावर चहाचा आळ घेतलात का?”

मावशी पदराआड हसल्या. विम्याच्या माणसानंही ‘डिनाय’ ऐकून अंदाज बांधला आणि मिशीत हसला. बाईंनी साहेबाकडे पाहून मान डोलावली. इतकं नेमकं त्यांनाही एका वाक्यात सांगता आलं नसतं.

“बरोबर. रिफ्यूज्ड,” त्या म्हणाल्या. “काका, एक सांगा. वॉर्न करतो माणूस, तेव्हा धोका डोळ्यांसमोर असतो. रोगण ओलं आहे हे तुम्हाला कधी समजलं?”

पाठीमागची बोटं पुढे आली आणि एकमेकांत गुंतली.

“मी कपाट उघडलं होतं,” ते मराठीत म्हणाले. “आज. जेवणाच्या सुट्टीच्या आधी. कोणाला सांगितलं नाही.”

४

आबा खिडकीपासून दोन पावलं पुढे आले. बाईंनी हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं.

“का उघडलंत?”

“रोगण माझं आहे बाई. व्हायोलिन तिचं असेल, पण त्याच्यावरचं ऊन माझं आहे.” काकांनी पिवळी बोटं सगळ्यांसमोर धरली. “माझ्या पोराचं गेलं नाही याचं वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण हिच्या व्हायोलिनाला मी पहिला हात दिला त्या दिवशी मला कळलं की आबांनी बरोबर निवडलंय. ते मी बोललो नाही, एवढंच. खिळ्यावरची किल्ली घेतली, उघडलं, मानेजवळ अंगठा टेकवून पाहिला. चिकटलं. परत लावून टाकलं आणि हिला जाऊन बजावलं. व्हायोलिन तेव्हा तिथंच होतं.”

अबोलीनं मान वर केली. “हो. काका आले होते. त्यांनी चहा विचारला तो त्यानंतर.”

म्हणजे व्हायोलिन जेवणाच्या सुट्टीत गेलं, बाईंनी मनात धरलं. किल्ली खिळ्यावर होती आणि खिळा कोणाच्याही हाताला लागेल असा. आता प्रश्न भीतीचा उरला होता.

“मावशी, तुम्ही.”

मावशी उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. “शी बेग्ड मी नॉट टू सेंड हर.”

साहेबानं उसासा टाकला आणि आबांना मराठीत सांगितलं, की ‘मला पाठवू नका’ म्हणून हिनं मावशींना विनवलं. बघा, मी म्हणत नव्हतो, असं तो उसासा म्हणत होता. आबांनी खिडकीची चौकट धरली. खुद्द मावशींनी सांगितलं, सुनेनं पदर पसरून विनवलं की मला पाठवू नका. मग राहिलं काय?

बाईंना मात्र मावशींचं इंग्रजी चांगलं माहीत होतं. मावशींच्या मनात वाक्य एक असायचं आणि क्रियापदाच्या गाडीत दुसरंच बसायचं.

“मावशी, आता मराठीत. तिचे शब्द सांगा, जसेच्या तसे.”

“ती म्हणाली, मावशी, मला एकटीला नका पाठवू, तुम्ही पण चला ना. तुम्ही समोर बसलात तर मी बोलेन.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, अगं बाई, मला कोण विमानात बसवतंय. तर म्हणाली, बरं, मग तुमची शाल द्या. तिथं थंडी असते. मी दिली. तिच्या बॅगेत आहे, बघा हवं तर.”

बाईंनी फळ्याकडे न पाहता खडू खाली ठेवला. त्या विम्याच्या माणसाला समजेल असं, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं बोलल्या. या मुलीनं ‘पाठवू नका’ असं विनवलेलं नाही. सोबत चला असं बोलावलं. सोबत नाही मिळाली तेव्हा शाल मागून घेतली. जिला जायचंच नाही ती थंडीची सोय कशाला करेल? भीती होती, पण ती भीती जाणाऱ्या माणसाची होती.

आबांनी चौकट सोडली. अबोलीचे कान लाल झाले होते, पण पहिल्यांदाच ती टेबलाकडे न बघता समोर बघत होती.

“आता एकच राहिलं,” बाई म्हणाल्या. “साहेब.”

५

साहेब उठला. इतरांसारखा टेबलाला धरून नाही, नीट उभा राहिला. त्याला वर्गात उभं राहायला आवडायचं. अबोलीच्या बाजूनं वारं फिरलंय हे त्याला दिसत होतं, आणि ते एका वाक्यात पुन्हा आपल्या बाजूला वळवता येईल असा त्याचा स्वतःच्या इंग्रजीवर विश्वास होता. त्यानं क्षणभर शब्द निवडला. बाईंनी ते निवडणं पाहिलं. कुठलाही शिकवणारा ते ओळखल्याशिवाय राहिला नसता.

“आय क्वेश्चन्ड हर ऑन द स्टेअर्स. शी डिनाइड हॅविंग मूव्ह्ड द व्हायोलिन.”

वाक्य निर्दोष होतं. काळ, प्रत्यय, सगळं जिथल्या तिथं. वहीत असतं तर बाईंनी शेजारी ‘उत्कृष्ट’ लिहिलं असतं. विम्याच्या माणसानं पुन्हा अबोलीकडे तशाच नजरेनं पाहिलं, कारण वाक्यात ती आता आरोपी होती.

बाईंनी टेबलावरचा खडू पुन्हा हातात घेतला.

“हे कधी झालं?” त्यांनी विचारलं.

“सुट्टीतच. जेवायला बसण्याआधी मी पुन्हा वर येत होतो, ती खाली चालली होती.”

“अबोली?”

“हो,” अबोली म्हणाली. “त्यांनी विचारलं, व्हायोलिन तू हलवलंस का? मी म्हटलं, नाही. मला वाटलं, रोगण ओलं आहे म्हणून काळजीनं विचारतायत.”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “मघाशी काकांना तुम्ही काय सांगितलंत? डिनाय करायला आधी काय लागतं?”

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं.

“आळ,” काकाच म्हणाले, कारण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलेलं होतं.

“आळ,” बाई म्हणाल्या. “आणि आळ घ्यायला आधी काहीतरी घडलेलं माहीत असावं लागतं. व्हायोलिन जागेवर नाही हे आम्हा सगळ्यांना सुट्टी संपल्यावर कळलं, आबांनी कपाट उघडलं तेव्हा. तुम्ही जिन्यात सुट्टीतच तिच्यावर आळ घेतलात.”

“मॅडम, शब्द चुकला. मला ‘रिप्लाइड’ म्हणायचं होतं.”

“तुमचा शब्द चुकत नाही. पण ठीक आहे, शब्द बाजूला ठेवू. प्रश्न तर विचारला होतात ना? बंद कपाटातल्या व्हायोलिनाबद्दल, हलवलंस का, असा?”

साहेबानं ओठ ओले केले. “मी कपाट उघडून पाहिलं होतं. रिकामं दिसलं. म्हणून विचारलं.”

आबा पुढे आले ते थेट टेबलाशी. आता बाईंनी त्यांना थांबवलं नाही.

“रिकामं दिसलं?” आबा म्हणाले. “उद्या निघायचं व्हायोलिन कपाटात नाही, हे तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही खाली येऊन माझ्या शेजारी बसून जेवलात?”

“आणि नंतर आबांनी कपाट उघडलं,” बाई म्हणाल्या, “तेव्हा सगळ्यांच्या आधी ‘कुठं गेलं’ म्हणून दचकलात. जे रिकामं आधीच पाहिलं होतं, ते बघून.”

खालच्या मजल्यावर कोणीतरी रंधा मारत होतं, तो आवाज तेवढा जिन्यातून वर येत राहिला.

“तुम्ही तिला तो प्रश्न एकाच कारणासाठी विचारलात,” बाई पुढे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि साहेबाला तेच सहन होत नव्हतं. “तिनं तुमच्या मागोमाग कपाट उघडून पाहिलं तर नाही ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचं होतं. तिनं पाहिलं नव्हतं, तुम्ही निर्धास्त झालात. कुठं आहे ते?”

६

साहेब जिना उतरून गेला, आणि काका त्याच्या मागोमाग गेले. परत आले तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची पेटी होती, ज्यातून तो गिऱ्हाइकांना नमुन्याचं व्हायोलिन दाखवायला न्यायचा. आत नमुना नव्हता. अबोलीचं व्हायोलिन होतं, मऊ कापडात, तारांखाली फडकं घालून, आणि शेजारी ओलावा शोषणारी नवी कोरी पुडी. मानेजवळचं ओलं रोगण पेटीला लागू नये म्हणून तिथं त्यानं कापडाची छोटी गादीही ठेवली होती.

काकांनी ते उजेडात धरलं, फिरवून पाहिलं. “शाबूत आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले.

“मी त्याला काही होऊ देणार नव्हतो,” साहेब म्हणाला. तो आता फक्त आबांशी बोलत होता. “विमान चुकलं असतं, की दोन दिवसांनी सापडलं असतं. राखीव व्हायोलिन घेऊन मी गेलो असतो, नेहमीसारखा. आबा, एवढी वर्षं या कारखान्याचं तोंड मी होतो. परदेशात जे काही बोललं गेलं ते माझ्या तोंडून. आणि या वेळी तुम्ही म्हणालात, व्हायोलिन ज्याचं, बोलेल तोच. जिला एक वाक्य धड जुळवता येत नाही ती बोलणार, आणि मी इथं पावत्या फाडणार?”

“तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळायला हवं होतं,” आबा म्हणाले. “ते बोलून दाखवलं असतंत तर मी ऐकलं असतं. तुम्ही तिच्या भीतीचा फास केलात. ते मला झेपत नाही. या कारखान्याच्या वतीनं तुम्ही आता बोलू नका.”

साहेबानं मान हलवली. हुज्जत घातली नाही. निघताना तो बाईंपाशी थांबला.

“‘रिप्लाइड’ आधीच म्हटलं असतं तर सुटलो असतो, मॅडम.”

“कदाचित.”

“मग मी का नाही म्हटलं?”

“कारण ते पुरेसं नेमकं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तिच्यावर खरंच आळ घेतला होतात, आणि त्याला ‘डिनाइड’ हेच क्रियापद लागतं. कमी प्रतीचा शब्द तुमच्या तोंडून गेला नसता. तुम्हाला मी शिकवलंय.”

हे सांगताना त्यांची मान ताठ होती आणि डोळे भरलेले होते. साहेबानं दोन्ही पाहिलं. तो जिना उतरून गेला, आणि त्याच्या बुटांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

विम्याच्या माणसानं व्हायोलिन तपासलं, पेटी बंद केली, सील ठोकलं. मग तो अबोलीसमोर आला आणि सावकाश, तिला समजेल अशा बेतानं इंग्रजीत म्हणाला, की त्यानं आजवर पुष्कळ वाद्यांना सील ठोकलं, पण घडवणारा माणूस शेजारी उभा असण्याची ही पहिलीच वेळ.

अबोलीनं मदतीसाठी कोणाकडेही न बघता उत्तर दिलं. “थँक यू. यू कम अगेन. नेक्स्ट व्हायोलिन.”

बाईंनी एक शब्दही दुरुस्त केला नाही.

७

स्पर्धेच्या दिवशी कारखाना बंद ठेवायचं आबांनी ठरवलं होतं, पण सुट्टी असूनही झाडून सगळे आले. वरच्या खोलीत लांब टेबलावर आबांचा फोन उभा करून ठेवला होता. त्यावर स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणात परदेशातलं मोठं दालन दिसत होतं. पाच परीक्षक, पांढऱ्या टेबलक्लॉथवर व्हायोलिन, आणि खांद्यावर मावशींची शाल घेतलेली अबोली. तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

“आपली शाल,” मावशी तिसऱ्यांदा म्हणाल्या.

परीक्षक एकेक प्रश्न विचारत होते. अबोली थांबत होती, शब्द शोधत होती, सापडला की पुढे जात होती. काही वेळा शब्द सापडायचाच नाही, तेव्हा ती व्हायोलिन उचलून ती जागा बोटानं दाखवायची. काळ चुकत होते. प्रत्यय गळत होते. बाई प्रत्येक चूक मोजण्याच्या सवयीच्या, आज त्यांनी मोजायचं सोडून दिलं होतं.

मग मधल्या वयस्क परीक्षकानं व्हायोलिनाच्या टोकाला कोरलेली वळी जवळून पाहिली. दोन बाजू तंतोतंत सारख्या नव्हत्या, डावी किंचित जास्त खोल होती. त्यानं विचारलं, की हा हात घसरल्याचा परिणाम आहे का.

इकडे कारखान्यात काका फोनकडे झुकले. असल्या प्रश्नाला साहेबानं दहा गोड वाक्यं बांधली असती.

अबोलीनं त्या परीक्षकाच्या डोळ्यांत पाहिलं. तिचे कान लाल झालेले फोनवरसुद्धा दिसत होते.

“नो,” ती म्हणाली. “नॉट स्लिप. आय वाँटेड.”

परीक्षकानं पुन्हा वळीकडे पाहिलं, अंगठा फिरवला. या वेळी त्यानं फिरवला तो चूक शोधण्यासाठी नव्हे. शेजारच्या परीक्षिकेला त्यानं जवळ बोलावलं, तिनंही अंगठा फिरवला आणि दोघं अबोलीकडे बघून हसली.

“अबोली काय म्हणाली?” आबांनी विचारलं.

“म्हणाली, हात घसरला नाही. मला तसंच हवं होतं,” बाईंनी सांगितलं.

“असंच म्हणाली?”

“अगदी असंच.”

संध्याकाळी कळलं की पहिलं बक्षीस दुसऱ्या कोणाला गेलं, आणि अबोलीच्या व्हायोलिनाला परीक्षकांनी खास गौरव दिला, पहिल्याच व्हायोलिनासाठी तो आजवर कोणाला मिळाला नव्हता. मावशी रडल्या. काकांनी आपल्या मुलाला फोन लावला आणि त्या वळीबद्दल इतका वेळ सांगत बसले, जणू ती त्यांनीच कोरली होती. बाईंनी फळा पुसायला घेतला, मग तसाच ठेवला.

आबांना निकालाची फारशी घाई नव्हती. ते फोन घेऊन खिडकीशी बसले होते, चष्मा कपाळावर, कान पडद्याला जवळजवळ टेकलेला.

“बाई, ते मागं कसं नेतात?”

“कुठपर्यंत नेऊ?”

“ती बोलते तिथपर्यंत. मला अर्थ सांगू नका. कळला. मला नुसतं ऐकायचंय.”

बाईंनी ते वाक्य लावून दिलं.